इतवारीचा डावा हात

बायांचे हात धरण्यात माझा जन्म गेला. एकेकीच्या नवऱ्यानं आयुष्यभरात धरला नसेल इतक्या वेळा मी तिचा हात धरला आहे, आणि हे मी कितीतरी नवऱ्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं आहे. साकोलीत हमरस्त्याला लागून आमचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानात नवरा बसे. मी टोपली घेऊन बाहेरचं बघायची: सानगडीचा बाजार, आजूबाजूच्या खेड्यांतले बाजार, लग्नघरचे चुडे. एसटीच्या कंडक्टरनं टोपली टपावर टाका म्हटलं की माझं भांडण ठरलेलं, कारण टपावर गेलेल्या काचेचे उतरताना तुकडेच उतरतात. पुढे पुढे मला पाहिल्याबरोबर ते पुढची जागा खाली करायला लागले. मान म्हणून नाही, कटकट नको म्हणून.

दिवाळी अंकवाले भाऊ म्हणाले, मावशी, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला पाहिजे. गमती आहेत, लिहिते. पण सातवी पास बाईचं लिहिणं आहे, आणि शेवटी हसू येणार नाही हे आधीच सांगते. ज्याला फक्त हसायचं असेल त्यानं अर्ध्यात थांबावं आणि चिवड्याकडे वळावं.

बाहेरच्यांना वाटतं, बांगडी भरणं म्हणजे हातात बांगडी ढकलणं. ढकलून बघा! आधी हात हातात घ्यायचा आणि अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं ते हळूहळू दाबून आत बसवायचं. तळवा मळायचा. हे करताना बांगडीकडे बघायचं नाही, बाईच्या तोंडाकडे बघायचं आणि तिला बोलतं करायचं. सासू कशी आहे? झालं, बाई सुरू होते. ती बोलण्यात रंगली की हात सैल सुटतो आणि अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी सुद्धा जाते. जिचा जीव घाबरलेला आहे तिचा हात आखडतो. मग साबण लावा, तेल लावा, बांगडी पिचणारच. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. धंदा सौभाग्याचा, तोंडातून वाईट शब्द जायला नको. भरून झाल्यावर बाई कासारणीला नमस्कार करते आणि कासारीण 'चुडा अखंड राहो' म्हणते. विधवेला आम्ही बांगडी भरत नव्हतो. ही रीत कोणी केली मला विचारू नका, मी जन्मायच्या आधीपासून होती.

एकदा एक गुरुजी आले. नवीन लग्न झालेलं, बायकोला बांगड्या न्यायच्या होत्या. शहाणा माणूस घरून जुनी बांगडी मापाला आणतो. यांनी काय केलं, तर स्वतःचा हात पुढे केला. "तिचा हात माझ्यासारखाच नाजूक आहे," म्हणाले. मी नको नको म्हणेपर्यंत गुरुजींनी बांगडी चढवली सुद्धा, आणि ती अडकली. भर बाजार! गुरुजींचं तोंड असं पांढरं पडलं की मला वाटलं चक्कर येते की काय. उपरण्यात हात लपवून बसले. मी म्हटलं, "गुरुजी, काच आहे, विंचू नाही." पण शेवटी तिथंच दगडानं वाढवावी लागली. रस्त्यानं जायची लाज वाटली म्हणून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून घरी गेले. वर्षभर पोरं त्यांच्या मागे हसत होती. मीही हसले होते. तेवढ्याशा काचेला एवढा मोठा माणूस का भ्याला, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. तो मला इतवारीनं करायला लावला.

सानगडीच्या अलीकडे एक खेडं आहे, नाव लिहीत नाही. तिथलं हे लेकरू. रविवारी जन्मलं म्हणून इतवारी. हे नाव आमच्याकडे पोरालाही ठेवतात आणि पोरीलाही. सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं होतं, आणि गाव तिला 'ती' म्हणे. मी इथं 'ते' म्हणणार आहे. जीव लावलेल्या लेकराला आमच्यात 'ते' म्हणतातच, आणि इतवारीच्या बाबतीत मला दुसरं काही खरं वाटत नाही. वाचणाऱ्यानं नाक मुरडू नये.

इतवारीच्या घरी मुलगा नव्हता आणि बाप दम्याचा. आमच्या धानाच्या मुलखात कामं वाटलेली असतात. नांगर, चिखलणी, बैल हे माणसाचं. रोवणी बायांची. बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणतात. इतवारी सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बैल घालून चिखलणी करी, आणि दुपारी त्याच बांधीत बायांच्या ओळीत वाकून धान रोवी, त्यांच्यासोबत गाणी म्हणे. पाऊस काही रुसला नाही. खाली काष्ट्याचं लुगडं, वर बापाची बंडी. आजारी बापाचा आधार म्हणून गाव कानाडोळा करत होतं.

बाजारात पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा असेल अठरा-एकोणीसचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्यासमोर बसून डावा हात पुढे केला.

"मावशी, या एकाच हाताले भर."

"काहून? दुसऱ्यानं काय पाप केलं?"

"त्यानं काई नाई केलं. मले एवढ्याच पायजे."

"अवं, एका हातात कोनी बांगड्या घालते का?"

"आता मी घालन ना," असं म्हणून ते हसलं. हसलं की सगळं तोंड हसायचं.

पिकलेल्या जांभळाच्या रंगाच्या बांगड्या त्यानं निवडल्या. हात धरला तर काय सांगू, नांगरानं तळव्याला घट्टे पडलेले, पण हात सैल, भरवशानं दिलेला. एकही बांगडी वाढली नाही. भरून झाल्यावर हात कानाजवळ नेऊन हलवला आणि आवाज ऐकला. बाया बघून तोंडाला पदर लावत होत्या. इतवारीचं तिकडे लक्षच नव्हतं.

मग दर काही दिवसांनी येऊ लागलं. गिऱ्हाईक नसलं की टोपलीशी बसून राही. एकदा मी सरळच विचारलं. माझं तोंड असंच आहे, मनात आलं की बाहेर. "इतवारी, तुले पोरगा व्हावं वाटते का?"

"नाई मावशी."

"मंग पोरगी आहेस तं पोरीसारखं राय ना वं."

त्यानं टोपलीतली एक बांगडी उचलून बोटावर फिरवली. मग म्हणालं, "बायांत बसलो का मले वाटते, मी पाहुना आलो. मानसांत बसलो तरी तसंच वाटते. नांगर धरला का वाटते, हो, हा मी. बांगडी वाजली का वाटते, हाबी मीच. पन कोनी 'ओ बाई' म्हटलं का वाटते, दुसऱ्याच कोनाले हाका मारून राहिले. अना 'ओ भाऊ' म्हटलं तरी तसंच."

"मंग तू हायेस तरी कोन?"

"इतवारी," म्हणालं. "येवढं पुरत नाई का?"

माझी नात नागपूरला शिकते. मागच्या वर्षी तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, आजी, याला नॉन-बायनरी म्हणतात. म्हणजे काय गं? तर म्हणे, जन्मल्यावर लोक सांगतात हा मुलगा, ही मुलगी. बहुतेकांना ते पटतं. काहींना उलट वाटतं. आणि काहींना दोन्हींतलं एकही आपलं पूर्ण वाटत नाही, किंवा दोन्ही थोडं थोडं आपलं वाटतं. प्रश्न अंगाचा नाही, आतून आपण कोण आहोत त्याचा. आणि बाईनं हे करायचं, माणसानं ते करायचं, हे तर लोकांनीच ठरवलं, गावागणिक वेगळं. मी म्हटलं, बाप्पा, एवढं शिकायला वसतिगृहात राहावं लागतं का? हे मला इतवारीनं तुझी आई परकर नेसत होती तेव्हाच सांगितलं. पण खरं सांगते, त्या वेळी शब्द असता तर बरं झालं असतं. गावात ज्या गोष्टीला नाव नसतं तिला गाव खोड म्हणतं, नाहीतर बाहेरची बाधा.

कोणी म्हणे देवऋषी बघा. कोणी म्हणे बसस्टँडवर टाळ्या वाजवत येतात त्यांच्यात धाडा. त्यांच्यातली काही माझी गिऱ्हाईकं होती, दोन्ही हात भरभरून घ्यायची. इतवारी एकदा त्यांच्याशी बोलून आलं. मला म्हणालं, "चांगले आहेत बिचारे. पन थे सोताले बाई समजतात. थ्यायचं खरंच हाय. माहं तसं नाई."

त्याच सुमारास एका गावच्या बाया माझ्याकडे आल्या. कालव्याचं पाणी सुटत नव्हतं म्हणून त्या साकोलीच्या एका साहेबाला बांगड्यांचा आहेर करणार होत्या. हातात बांगड्या भर म्हणजे तू नामर्द, असा त्याचा अर्थ. आमचा माल त्या दिवशी चांगला खपला. इतवारी तिथंच बसलेलं. बाया गेल्यावर म्हणालं, "मावशी, बांगडी देल्ली का साहेबाची इज्जत जाते. मंग बाया जलमभर घालतात, थ्यायची काहून जात नाई? का त्यायले इज्जतच नाई?" मी खपलेल्या मालाचे पैसे मोजत राहिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण कांकणाकडे मी तरी तोवर कुठं नीट बघितलं होतं?

बाप असेतोवर सगळं निभावलं. लोक बोलले की तो खोकत खोकत म्हणे, "तिचा हात हाय, तिले पायजे तसा ठेवन." बाप गेला आणि कारभार काकाकडे गेला. काकानं आणि गिरजाकाकूनं वर्षाच्या आत लग्न जमवलं. मुलगा वैनगंगेकाठचा, मासेमारी आणि थोडी शेती. इतवारीनं नको म्हटलं. आईला सांगितलं, काकाच्या पाया पडलं, दोन दिवस जेवलं नाही. काकू म्हणाली, "सबन पोरी नाईच म्हनतात."

चुडा भरायला मला बोलावलं. अंगणात बाया जमलेल्या, गाणी चाललेली. इतवारीला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं होतं. बंडी नव्हती तर ते मला ओळखूच आलं नाही. डाव्या हातात हिरवा चुडा सहज गेला. उजवा धरला. हात दगड झालेला. पहिली बांगडी वाढली. दुसरी वाढली. गाणी थांबली. लग्नाच्या चुड्यातली बांगडी वाढणं म्हणजे अपशकुन, बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या सगळ्यांना वाटलं, नांगरानं हाड मोठं झालं. कोणी एरंडेल आणलं, कोणी ऊन पाणी. हाड मोठं नव्हतं हो! जीव घाबरलेला होता. मला ठाऊक होतं आणि इतवारीला ठाऊक होतं.

ते माझ्या कानाशी म्हणालं, "मावशी, हा हात राहू दे. एक तं राहू दे मले."

मी मोठ्यानं म्हटलं, "काकू, आजच्या दिवस एकाच हाताचा चुडा ठेवा. जबरदस्तीची बांगडी टिकत नाही."

"टिकन," गिरजाकाकू म्हणाली, "नवरा टिकवन तिले." बाया हसल्या. काकूनं मला बाजूला केलं, इतवारीचा हात दोन्ही हातांनी धरला, साबण चोळला आणि एकामागून एक बांगड्या कोंबल्या. दोन आणखी वाढल्या, रक्त आलं, हळद लावली. "पाहा, भरल्या का नाई? तुमची कासारीन नुसती बोलाचीच," काकू म्हणाली. इतवारीनं मला नमस्कार केला, रीत म्हणून. चुडा अखंड राहो, असं मी म्हणायचं असतं. मी काय पुटपुटले ते मला आठवत नाही.

काही महिन्यांनी इतवारी परत आलं. मारहाण नाही, छळ नाही. सानगडीच्या बाजारात त्याचा नवरा मला भेटला होता, तेव्हा तोच म्हणाला, "मावशी, थे बायको म्हनून नाई राहू शकत. म्या बी जबरी नाई केली. पन डोंग्यात संगं बसलं का असं जाळं फेकते, दोन मानसाचं काम करते. दोस्त म्हनून राहालं असतं तं जलम काढला असता. पन माय आयकत नाई ना." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भला माणूस होता, हे लिहून ठेवलंच पाहिजे. त्याच्या आईनं त्याचं दुसरं लग्न लावलं.

इतवारी पुन्हा बंडी घालू लागलं, पुन्हा नांगर धरला. माझ्यासमोर येऊन डावा हात पुढे केला. तिकडचा चुडा त्यानं तिकडेच उतरवला होता, दोन्ही हातांचा. जांभळाच्या रंगाच्या भरून दिल्या. तेव्हापासून काही वर्षं बरी गेली. आईला सांभाळलं, बांध्या सांभाळल्या. गावानं टोमणे मारले, पण टोमण्यानं पोट फुटत नाही, असं ते म्हणे. मी मनात म्हणायची, सुटलं माझं लेकरू.

मग नदीकाठून निरोप आला, तो नवरा तापानं गेला. इतवारी तासभर गोठ्यात बसून रडलं, असं त्याची आई सांगे. दोस्त होता त्याचा. रडून बाहेर आलं तर अंगणात गिरजाकाकू आणि चार बाया उभ्या. त्यांचं म्हणणं, दुसरी बायको असली तरी लग्नाची पहिली हीच, म्हणून रीत हिचीही झाली पाहिजे. बोडीवर, गावच्या तळ्यावर नेऊन बांगड्या वाढवायच्या.

इतवारीनं हात काखेत दाबून धरला. म्हणालं, "त्याच्या नावाच्या म्या तवाच उतरवल्या काकू. ह्या त्याच्या नावाच्या नाई. ह्या माह्या नावाच्या हायेत."

"बाईच्या हातात बाईच्या नावाच्या बांगड्या असतात का वं कुठी?" काकू म्हणाली. खरंच विचारत होती ती, कुचेष्टेनं नाही. तिला कधी कोणी तसं सांगितलंच नव्हतं. चौघींनी धरलं आणि बोडीच्या दगडावर हात आपटला.

हे मला त्यातल्याच एकीनं बाजारात सांगितलं, बांगड्या भरून घेता घेता. माझ्या हातून तिची बांगडी वाढली. पस्तीस वर्षांत माझ्या चुकीनं वाढलेल्या बांगड्या फार नाहीत, ही त्यांतली एक.

एकाच लेकराचे दोन हात. एकात नको असताना कोंबल्या, दुसऱ्यातल्या हव्या असताना फोडल्या. दोन्ही वेळा कारण तोच नवरा, ज्यानं स्वतः बिचाऱ्यानं कशाचीच जबरदस्ती केली नव्हती. मला आजही हे लिहिताना संताप येतो. काकू वर पुन्हा म्हणाली होती, बांगडीची एवढी हौस असेल तर पाट लाव, दुसरा नवरा कर, मग भर. म्हणजे बांगडीची वाट नवऱ्याच्या घरातूनच, दुसरी नाहीच.

मनगट भरून आल्यावर इतवारी बाजाराला आलं. मनगटावर आडवा-तिडवा वण. बराच वेळ लांब उभं राहिलं. मी हाक मारली तेव्हा आलं आणि बसलं, पण हात पुढे केला नाही. मांडीखाली दाबून ठेवला.

माझा नवरा भित्रा नव्हता, हिशेबी होता. त्यानं मला आधीच बजावलं होतं, "आपला धंदा सौभाग्याचा हाय. एकदा बायांच्या मनात आलं का या टोपलीले रांडपनाचा हात लागला, का बसली टोपली." त्याचं खोटं नव्हतं. मी घरी मान डोलावली होती. पण लेकरू समोर बसलं होतं आणि बांगड्यांकडे बघतही नव्हतं. बघत नव्हतं म्हणूनच मला राहवलं नाही.

"आन इकडे हात," मी म्हटलं.

"नको मावशी. तुले बोलतीन."

"मले बोलनाऱ्याचं तोंड मी पाहीन. आन म्हटलं ना!"

हात घेतला. आखडलेला होता. मी त्याला बोलतं केलं. बैल कसे आहेत? एकाचा खूर दुखावलेला, त्याबद्दल ते सांगायला लागलं. सांगता सांगता हात सैल झाला आणि वणावरून एकेक बांगडी अलगद गेली. त्याच रंगाच्या. भरून झाल्यावर कानाशी नेऊन हलवला आणि रडलं. मीही रडले. चुडा अखंड राहो म्हटलं, चांगलं मोठ्यानं. आजूबाजूला सगळा बाजार बघत होता.

पुढच्या बाजाराला माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गिरजाकाकूनं गावोगाव सांगितलं होतं, तिच्या टोपलीचा विटाळ झाला. ज्या बायांची बाळंतपणं, सासुरवास, सगळं मला तोंडपाठ, त्या माझ्यासमोरून नजर चुकवून पलीकडच्या फेरीवाल्याकडे जात. त्याला हात धरता येत नव्हता, निम्म्या बांगड्या वाढत, तरी त्याच्याकडे. लग्नघरची बोलावणी बंद झाली. नवरा भरलेली टोपली माझ्या हातून घेऊन आत ठेवी, हेच जास्त लागत होतं. मी इतवारीला यातलं काही सांगितलं नाही. ते धानकापणीत अडकलं होतं, बाजाराला येत नव्हतं.

दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसभर दंडार, आमचं नाचगाण्याचं नाटक, रंगते, पाहुण्यांनी घरं भरतात. आमचं वर्षाचं पोट मंडईवर. सानगडीकडच्या त्या मंडईत मी सकाळपासून टोपली मांडून बसले होते. बाया घोळक्यानं यायच्या, टोपलीपासून चार हात लांब थांबायच्या, रंग बघायच्या आणि पुढे जायच्या. एका माहेरवाशिणीनं हात पुढे केला तर तिच्या आईनं तिला ओढून नेलं.

इतवारी गर्दीतून आलं. कोणीतरी त्याला सांगितलं असणार, चेहऱ्यावरूनच कळलं. आलं ते माझ्यासमोर बसलं नाही. बायांकडे तोंड करून उभं राहिलं.

"काकू," त्यानं गिरजाकाकूला हाक मारली, "इकडे पाय."

आणि डाव्या हातातली बांगडी काढायला लागलं. काच न फोडता काढणं हे भरण्याहून कठीण. अंगठ्याचं हाड स्वतःच दाबावं लागतं, चामडी सोलली जाते. मी ओरडले, "इतवारी, नको! माह्या टोपलीची काळजी तू नको करू." त्यानं ऐकलं नाही. एक काढली, टोपलीच्या कडेवर ठेवली. दुसरी काढली. हळूहळू, घाई न करता, सगळ्या काढल्या. एकही वाढू दिली नाही. एकदाही आवाज झाला नाही.

मग दोन्ही हात वर करून बायांना दाखवले, उघडे.

"आता झालं ना?" म्हणालं. "तिचा धंदा कायले मारता? तिनं कोनाचंच काई बिघडवलं नाई. भरा आता."

माझ्याकडे वळून हळूच म्हणालं, "राग नको धरू मावशी. दोन दिवस तं दोन दिवस, मस्त वाजल्या." आणि गर्दीत निघून गेलं. पुढे त्यानं आयुष्यभर नांगर धरला, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. पण माझ्याच काय, कोणाच्याही हातात हात दिला नाही.

बाया गिरजाकाकूकडे बघायला लागल्या. मग गिरजाकाकूच पुढे आली, समोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. तिचे डोळे खाली होते. "हिरव्या दाखव," म्हणाली. मी दाखवल्या. तिचा हात धरला, तो आखडलेला होता. मी तिला बोलतं केलं नाही. तरी भरल्या, नीट भरल्या. तिच्यामागून बाकीच्या आल्या, बघता बघता गराडा पडला. इतका धंदा मी कुठल्याच मंडईत केला नव्हता.

उन्हं कलायच्या आत टोपली रिकामी झाली. त्या काढलेल्या बांगड्या तेवढ्या मी विकल्या नाहीत. साकोलीला आले तर नवरा दुकानाच्या पायरीवर वाट बघत होता. रिकामी टोपली बघून त्याचा चेहरा फुलला. "कसा झाला वं धंदा?"

"मस्त झाला," मी म्हटलं, आणि तिथंच पायरीवर बसून मोठ्यानं रडले.